स्वनिर्मित ध्वनिवर्धकातील वीजगुणगुण : कारणे व निदान (अकोट परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

अकोला जिल्ह्याच्या उत्तर भागात, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या अकोट तालुक्यात ध्वनिवर्धक ही केवळ लग्नसमारंभाची वस्तू राहिलेली नाही. हरिनाम सप्ताह, काकडा, गणेशोत्सव, शाळेचे स्नेहसंमेलन आणि गावोगावच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळांची सायंप्रार्थना या सर्व ठिकाणी त्याची उपस्थिती गृहीत धरली जाते. यांपैकी अनेक ठिकाणचा ध्वनिवर्धक कारखान्यातून आलेला नसतो. बाजारात सुटा मिळणारा बोर्ड, स्थानिक पातळीवर गुंडाळून घेतलेला ट्रान्सफॉर्मर आणि पत्र्याची पेटी यांतून तो गावातील कारागिराने किंवा महाविद्यालयात शिकणाऱ्या एखाद्या हौशी विद्यार्थ्याने जोडलेला असतो. किंमत कमी आणि दुरुस्ती गावातच होणारी, ही त्याची दोन मोठी बलस्थाने होत.

अशा यंत्राविषयी एकच तक्रार वारंवार ऐकू येते. गाणारा थांबला की कर्ण्यातून एक अखंड घूंकार ऐकू येतो. कारागीर त्याला 'हमिंग' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यास 'गुणगुण' ही संज्ञा वापरली आहे. टाळमृदंगाच्या गजरात ती झाकली जाते. परंतु राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी रूढ केलेल्या सामुदायिक ध्यान-प्रार्थनेत जे निःशब्द क्षण येतात, त्या क्षणी सभामंडपात फक्त तीच शिल्लक उरते.

या तक्रारीवर केले जाणारे उपायही ठरलेले आहेत. प्रथम फिल्टरचा कंडेन्सर बदलला जातो. गुणगुण तशीच राहिली तर त्याहून मोठा कंडेन्सर बसविला जातो. तरीही फरक न पडल्यास प्लगची तिसरी, जाड पिन तोडली जाते किंवा अर्थिंगची हिरवी तार आतून कापली जाते. हा तिसरा उपाय बरेचदा यशस्वी होतो, आणि चिंतेची बाब नेमकी हीच आहे. कारण गुणगुणीसोबत त्या यंत्राचे विद्युत संरक्षणही संपते. गुणगुण हा स्वतः एक पुरावा आहे. तो नीट ऐकला तर दोषाचे स्थान फारशा उपकरणांशिवाय शोधता येते व अर्थिंगला हात लावण्याची वेळ येत नाही, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

आवाजाची ओळख

भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे. ब्रिज किंवा दोन डायोडच्या पूर्णतरंग एकदिशकारकातून गेल्यावर विजेचे दोन्ही अर्धतरंग एकाच बाजूस येतात, म्हणून तेथील लहर १०० हर्ट्झची होते. बी.एस्सी.चा विद्यार्थी अर्धतरंगासाठी १.२१ आणि पूर्णतरंगासाठी ०.४८ हे ऊर्मिगुणक परीक्षेपुरते पाठ करतो. मात्र हे दोन प्रकार कानाला कसे वेगळे लागतात, हे त्याला प्रयोगशाळेत क्वचितच ऐकविले जाते.

५० हर्ट्झची गुणगुण खोल, मऊ आणि काहीशी छातीत जाणवणारी असते. ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र, अर्थचे वेटोळे किंवा अपुरे आवरण असलेली तार ही तिची नेहमीची उगमस्थाने होत. १०० हर्ट्झची गुणगुण अधिक खरखरीत, भुंग्याच्या भणभणीसारखी असते, कारण तिच्यासोबत २०० व ३०० हर्ट्झचे उपस्वरही येतात. तिचा संबंध बहुधा एकदिशकारक व फिल्टर यांच्याशी असतो. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. ब्रिजमधील एक डायोड आतून तुटला तर पूर्णतरंगाचे अर्धतरंग होते आणि फिल्टरमधून ५० हर्ट्झची, दुपटीने मोठी लहर येऊ लागते. त्यामुळे चांगला चालणारा संच एके दिवशी अचानक खोल आवाजात घुमू लागला, तर कंडेन्सरपूर्वी डायोड तपासणे श्रेयस्कर.

भजनी मंडळातील जाणकारांना हा भेद सुरांच्या भाषेत अधिक लवकर समजतो. हार्मोनियमच्या पांढरी एकचा षड्ज सुमारे १३०.८ हर्ट्झचा धरल्यास त्याचा मंद्र पंचम ९८ हर्ट्झचा येतो. १०० हर्ट्झची गुणगुण या पंचमाच्या किंचित वर असते. तानपुऱ्याच्या पंचमाच्या तारेशी तिचे सेकंदाला दोन ठोके पडतात आणि वाद्य लागलेलेच नाही असा भास होतो. येथे एक गमतीची नोंद करण्यासारखी आहे. पश्चिम विभागात १ जुलै २००२ रोजी उपलब्धतेवर आधारित दरपद्धती लागू होण्यापूर्वी मागणीच्या वेळी वारंवारिता ४९ हर्ट्झच्याही खाली उतरत असे. ती नेमकी ४९ असताना एकदिशकारकाची गुणगुण पंचमात चपखल बसत असली पाहिजे. आता जालसंहितेनुसार वारंवारिता ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात राखणे अपेक्षित आहे, त्यामुळे बेसूरपणा तेवढा कायमचा झाला आहे.

कानावर विसंबताना एक सावधगिरी आवश्यक आहे. मानवी श्रवणाचा उंबरठा १०० हर्ट्झला सुमारे २७ डेसिबल, तर ५० हर्ट्झला सुमारे ४४ डेसिबल आहे. शिवाय चार इंची स्पीकर आणि लोखंडी कर्णा ५० हर्ट्झ जवळजवळ उमटवीतच नाहीत. तेथे जे ऐकू येते ते १५० किंवा २५० हर्ट्झचे उपस्वर असतात. म्हणून ऐकण्याची चाचणी शक्यतो मोठ्या पेटीच्या स्पीकरवर घ्यावी. भ्रमणध्वनीवरील वर्णपट दाखविणारे मोफत ॲपही येथे उपयोगी पडते. ५०, १५०, २५० अशी विषम रांग दिसली तर संशय चुंबकीय क्षेत्रावर किंवा अर्थच्या वेटोळ्यावर घ्यावा. १००, २००, ३०० अशी रांग दिसली तर वीजपुरवठ्यावर.

याखेरीज जे आवाज गुणगुण नव्हेत तेही वेगळे ओळखले पाहिजेत. सतत येणारी 'सूंऽ' अशी फुसफुस पहिल्या टप्प्यातील ट्रान्झिस्टर व रोधकांची असते, तिचा विजेच्या तारांशी संबंध नसतो. नॉब फिरविताना होणारी खरखर झिजलेल्या व्हॉल्यूम कंट्रोलची, पेटीवर थाप मारली की येणारी कडकड ड्राय सोल्डरची, आणि इंजिनासारखी 'फट्‌फट्' पुरवठ्याच्या मार्गातून मागे फिरणाऱ्या संदेशाची. पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची किंवा डिमरची भणभण तर तो रेग्युलेटर बंद करताच थांबते. ही चाचणी सर्वप्रथम करावी, कारण तिला काहीच लागत नाही.

दोषाचे स्थान शोधण्याचा क्रम

निदानाचे सूत्र सोपे आहे : यंत्राचे दोन भाग करावेत, दोष कोणत्या भागात आहे ते पाहावे आणि त्या भागाचे पुन्हा दोन भाग करावेत. पहिली विभागणी व्हॉल्यूमच्या नॉबवरच होते. नॉब पूर्ण शून्यावर आणूनही गुणगुण तेवढीच राहिली तर दोष नॉबच्या पुढे, म्हणजे शक्तिवर्धक टप्प्यात किंवा वीजपुरवठ्यात आहे. नॉबसोबत ती कमी-जास्त होत असेल तर तो नॉबच्या अलीकडे, म्हणजे माइक, तार, जॅक किंवा पूर्ववर्धक यांत आहे. एवढी एक गोष्ट पाहिली असती तरी बदललेल्या कंडेन्सरांपैकी कितीतरी वाचले असते.

दोष अलीकडचा असल्यास माइकची पिन काढावी. त्या जागी, दुकानदार ज्याला पी-३८ म्हणतात त्या मोठ्या जॅकची एक पिन घ्यावी, तिचे टोक व अंग तारेने एकमेकांस जोडावे आणि ती आत बसवावी. अशी 'शॉर्ट' पिन प्रत्येक कारागिराच्या खिशात असणे उचित होय. ती बसविल्यावर शांतता झाली तर यंत्र निर्दोष आहे, दोष माइक, तार किंवा अर्थच्या वेटोळ्यात आहे. गुणगुण तशीच राहिली तर पूर्ववर्धकाचा बोर्ड, त्याची जागा आणि त्याच्या तारा तपासाव्यात.

तिसरी चाचणी कानाला एक-दोन सेकंदच मिळते. यंत्राचे बटन बंद करावे. फिल्टरच्या कंडेन्सरमध्ये साठलेल्या विद्युतभारावर यंत्र क्षणभर चालू राहते. बटनासोबत गुणगुण तत्काळ तुटली तर तिचा उगम यंत्राच्याच ट्रान्सफॉर्मरमध्ये किंवा एकदिशकारकात आहे. आवाज मावळेपर्यंत ती टिकली तर ती बाहेरून, खोलीतील इतर तारांकडून किंवा जोडलेल्या दुसऱ्या यंत्राकडून येत आहे.

चौथी चाचणी शेतकरी समाजात विशेष सुलभ आहे. एलए ४४४० किंवा टीडीए २००३ यांसारख्या चकत्यांवर बांधलेले संच मुळात मोटारीतील १२ व्होल्टच्या पुरवठ्यासाठी आहेत. ट्रॅक्टरची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी थेट जोडून, वीजजोडणी पूर्ण सोडवून संच चालवावा. बॅटरीवर तो स्वच्छ वाजला तर दोष पुरवठ्यात किंवा अर्थमध्ये आहे यात शंका राहत नाही. मात्र जोडणीत फ्यूज असावा, कारण बॅटरीच्या टोकांचा संपर्क झाल्यास तार लाल होण्यास वेळ लागत नाही.

ट्रान्सफॉर्मरविषयीचा संशय असाच प्रत्यक्ष फेडता येतो. वीज बंद करून त्याचे स्क्रू काढावेत, तारा लांब करून तो पेटीबाहेर आणावा, उघड्या टोकांवर टेप गुंडाळावी आणि मगच वीज सुरू करावी. त्याचा दिशाकोन बदलल्यावर गुणगुण बदलत असेल तर दोष चुंबकीय आहे. ९० अंशांत वळविणे किंवा पूर्ववर्धकापासून दूर नेणे एवढ्यानेच तो पुष्कळदा सुटतो. स्पीकर काढल्यावरही पेटीतूनच घूंकार येत असेल तर तो ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांचा आहे. चुंबकनामुळे पत्रे दर आवर्तनात दोनदा ताणले-सोडले जातात, म्हणून तो १०० हर्ट्झचा असतो. बोल्ट आवळणे व व्हार्निश देणे हा त्यावरचा उपाय आहे. कंडेन्सर बदलून तो कसा जाणार?

केवळ संध्याकाळी येणारी गुणगुण

दिवसा शांत असणारा संच संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी घुमू लागतो, ही तक्रार कारागिरांना बुचकळ्यात टाकते, कारण दुरुस्तीच्या टेबलावर दुपारी तो निर्दोष वाजतो. तिचे उत्तर साध्या गणितात आहे.

फिल्टरच्या कंडेन्सरवरील लहर ढोबळमानाने भारप्रवाह भागिले वारंवारिता व धारिता यांच्या गुणाकाराइतकी येते. अर्धा अँपिअर भार, १०० हर्ट्झ आणि ४७०० मायक्रोफॅरड घेतल्यास ती सुमारे १.०६ व्होल्ट होते. १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचे शिखरमूल्य १६.९७ व्होल्ट असते. ब्रिजमध्ये १.४ व्होल्ट वजा जाता कंडेन्सरवर १५.५७ आणि लहरीच्या तळाशी सुमारे १४.५ व्होल्ट उरतात. पुढे बसविलेल्या ७८१२ या रेग्युलेटरला १२ व्होल्ट स्थिर देण्यासाठी आत किमान १४ व्होल्ट लागतात. म्हणजे २३० व्होल्टच्या पूर्ण दाबावरही हाताशी जेमतेम अर्धा व्होल्ट असतो. पुरवठा २२३ व्होल्टच्या खाली गेला की लहरीचा तळ १४ च्या खाली जातो, रेग्युलेटर नियमन सोडतो आणि तेवढी लहर सरळ बोर्डात उतरते. १८० व्होल्टला तर कंडेन्सरचे शिखरच ११.९ व्होल्ट होते.

रब्बी हंगामात ओलिताचे पंप आणि गावातील दिवे यांचा भार एकाच वेळी येतो, तेव्हा लांब वाहिनीच्या टोकाकडील गावांत दाब इतका उतरणे अपरिचित नाही. गावठाण व कृषी वाहिन्या जेथे वेगळ्या झाल्या तेथे परिस्थिती सुधारली आहे. तथापि संच बांधताना दाब उतरेल असेच गृहीत धरावे. या दोषावर कंडेन्सर मोठा करण्याचा उपयोग अत्यल्प होतो, कारण कमतरता धारितेची नसून दाबाची आहे. १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेतल्यास १८० व्होल्टलाही लहरीचा तळ १४.१ व्होल्ट राहतो. त्याची किंमत उष्णतेच्या रूपात द्यावी लागते. पूर्ण २३० व्होल्टला रेग्युलेटरमध्ये साडेतीन वॅटच्या आसपास शक्ती जळते, म्हणून ॲल्युमिनियमचा पुरेसा हीटसिंक अनिवार्य ठरतो.

पेटीतील तारांची मांडणी

'ग्राउंड म्हणजे ग्राउंड, कुठेही जोडा' ही समजूत बहुतेक स्वनिर्मित संचांच्या मुळाशी असते. तार ही शून्य रोधाची नसते, हे येथे विसरले जाते. फिल्टरचा कंडेन्सर सतत भरला जात नाही. प्रत्येक अर्धतरंगाच्या शिखराजवळ, अल्पकाळ, मोठ्या झटक्यांनी भरला जातो. सरासरी भार १ अँपिअर असला तरी हे झटके ५ अँपिअरचे सहज असू शकतात. हुकअप तार ०.२ चौरस मिलिमीटरची असेल तर तिच्या १० सेंटिमीटर लांबीचा रोध सुमारे ८.६ मिलिओहम येतो. त्यातून ५ अँपिअरचा झटका गेला की दोन टोकांत ४३ मिलिव्होल्टचा फरक पडतो. हाती धरून गाण्याच्या माइकचा संदेश एक-दोन मिलिव्होल्टचा असतो. माइकची ग्राउंड तार चुकून या दहा सेंटिमीटरच्या मार्गात जोडली गेली, तर गायकाच्या आवाजापेक्षा वीसपट मोठी लहर संदेशात मिसळते. ती १०० हर्ट्झची असल्याने कारागीर पुन्हा कंडेन्सरच वाढवितो. कंडेन्सर मोठा केल्यावर झटके अधिक तीव्र होतात आणि गुणगुण वाढते! उपचारानेच रोग वाढल्याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

म्हणून ब्रिजपासून कंडेन्सरपर्यंतचा मार्ग जाड तारेने, स्वतंत्र व शक्य तितका आखूड ठेवावा. कंडेन्सरच्या पुढे एक ताराबिंदू निश्चित करावा. स्पीकरची परतीची तार, शक्तिवर्धकाचे ग्राउंड आणि पूर्ववर्धकाचे ग्राउंड या तीन वेगवेगळ्या तारा त्या एकाच बिंदूवर आणाव्यात. जॅकचे अंग पत्र्याला स्पर्श करणार नाही यासाठी प्लॅस्टिकची वॉशर घालावी, अन्यथा दुसरा, न दिसणारा मार्ग तयार होतो. पत्र्याची पेटी मात्र वीजपुरवठ्याच्या अर्थला थेट, जाड तारेने आणि रंग खरवडून आवळलेल्या स्वतंत्र बोल्टने जोडलेली असलीच पाहिजे.

माइकच्या तारेविषयी एक आकडेमोड पुरेशी आहे. विजेच्या तारेशी केवळ १ पिकोफॅरडची धारिता निर्माण झाली तरी २३० व्होल्टमुळे तीतून सुमारे ७२ नॅनोअँपिअर प्रवाह येतो. ५० किलोओहमच्या उच्च अवरोधी माइकवर त्याचे ३.६ मिलिव्होल्ट होतात. ६०० ओहमच्या माइकवर ते ०.०४ मिलिव्होल्टच राहतात. लांब मंडपासाठी कमी अवरोधाचा, कॅनन पिनचा, दोन तारी समतोल माइक का घ्यावा याचे कारण येथे आहे. जुना माइकच वापरायचा असेल तर त्याची शील्ड वायर दिव्यांच्या माळेसोबत गुंडाळू नये. दोन्ही तारा एकमेकींना ओलांडतच असतील तर काटकोनात ओलांडू द्याव्यात.

अर्थिंग, खारपाणपट्टा आणि तुटलेली पिन

आता मूळ प्रश्नाकडे येता येईल. अर्थची पिन तोडल्यावर गुणगुण का थांबते? ध्वनिवर्धक मंडपातील एका बोर्डवर आणि मिक्सर, संगणक किंवा दुसरा संच मंदिरातील दुसऱ्या बोर्डवर लावलेला असतो. दोन्हींच्या पेट्या आपापल्या अर्थला जोडलेल्या असतात, आणि संदेशाच्या तारेचे आवरण त्या पेट्यांना पुन्हा एकमेकींशी जोडते. असे बंद वेटोळे तयार होते. दोन ठिकाणच्या अर्थमध्ये १ व्होल्टचा फरक असला तरी तो माइकच्या संदेशाच्या पाचशे पट असतो. त्याचा प्रवाह आवरणातून वाहतो आणि गुणगुण ऐकू येते. एका बाजूची पिन तोडली की वेटोळे उघडते व आवाज थांबतो. कारणमीमांसा बरोबर आहे, परंतु तोडण्याची जागा चुकली आहे.

अकोट तालुक्यात अर्थमधील असा फरक निर्माण होण्यास भूमीही कारणीभूत आहे. तालुक्याचा दक्षिण भाग पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येतो. क्षारयुक्त ओली माती विजेची चांगली वाहक असते, त्यामुळे नव्या अर्थचे मापन उत्तम येते; मात्र तीच खारी ओल लोखंडी नळी व तिच्यावरील नटबोल्ट लवकर गंजविते. वर तार शाबूत दिसते, खाली जोड संपलेला असतो. अर्थच्या खड्ड्यात मीठ टाकण्याची जुनी पद्धत अशा जमिनीत तर गंजाला निमंत्रणच ठरते. दुसरीकडे काळी माती उन्हाळ्यात आकसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि विद्युताग्राचा मातीशी असलेला संपर्क सुटतो. पावसाळ्यात चांगली असलेली अर्थिंग वैशाखात, म्हणजे नेमकी सप्ताह व लग्नसराईच्या दिवसांत, कुचकामी झालेली असते.

यावर केली जाणारी एक युक्ती विशेष घातक आहे. अर्थिंग नाही म्हणून बोर्डच्या आतच अर्थची पिन न्यूट्रलला जोडली जाते. त्यामुळे टेस्टर व मल्टिमीटर दोन्ही समाधान दाखवितात. परंतु वाटेत कोठे न्यूट्रल तुटला तर प्रत्येक पेटीच्या पत्र्यावर २३० व्होल्ट उभे राहतात. ही लबाडी ओळखण्याची खूण अशी : इस्त्रीसारखा मोठा भार चालू असताना न्यूट्रल व अर्थ यांच्यातील दाब मोजावा. निरोगी जोडणीत तो एक-दोन व्होल्ट येतो. तो अगदी शून्य आला तर दोन्ही आतून जोडलेले असण्याचा दाट संशय घ्यावा, आणि तो दहा-वीस व्होल्ट आला तर अर्थ किंवा न्यूट्रल सदोष आहे असे समजावे. हे मापन चालू विजेवरचे असल्याने ते जाणकार वीजतंत्रीनेच करावे.

पिन तोडलेल्या संचात ट्रान्सफॉर्मरचे आवरण फुटले की पत्र्याची पेटी, तिच्याशी जोडलेले तारेचे आवरण आणि त्या आवरणाला जोडलेली माइकची लोखंडी जाळी हे तिन्ही फेजच्या दाबावर येतात. संच चालूच राहतो. गुणगुणही नसते. भजन म्हणणारा अनवाणी, सारवलेल्या किंवा पाणी शिंपडलेल्या जमिनीवर उभा असतो. ओल्या शरीराचा रोध दीड हजार ओहम धरला तर प्रवाह १५० मिलिअँपिअर होतो. सुमारे १ मिलिअँपिअरला मुंग्या जाणवतात, १० च्या पुढे मूठ सुटेनाशी होते आणि ३० च्या पुढे, काही क्षण टिकल्यास, हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. माइक हातात धरायचा असतो, हे येथे लक्षात घ्यावे.

केवळ पिन शाबूत असून भागत नाही. अर्थचा रोध २० ओहम असेल तर दोषाच्या वेळी ११.५ अँपिअरच प्रवाह वाहतो. १६ अँपिअरचे एमसीबी त्याला नेहमीचा भार समजते व पडत नाही. संचाचा स्वतःचा १ अँपिअरचा फ्यूज अशा वेळी उपयोगी येतो, पण तो फेजच्या तारेत असेल तरच. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की तो न्यूट्रलमध्ये जातो. म्हणून मंडपाच्या बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असणे हाच विश्वासार्ह उपाय होय. अर्थिंगच्या रचनेसाठी भारतीय मानक ३०४३ आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम उपलब्ध आहेत. मंदिर-मंडळांपर्यंत ते पोहोचलेले नाहीत, ही वस्तुस्थिती आहे.

मग वेटोळे तोडायचे कोठे? सर्वांत स्वस्त उत्तर असे की ते निर्माणच होऊ देऊ नये : ध्वनीची सर्व यंत्रे एकाच बोर्डवरून, एकाच अर्थवर चालवावीत. दिव्यांसाठी दुसरा बोर्ड घ्यावा. ते शक्य नसेल तर वेटोळे संदेशाच्या मार्गात तोडावे. एकास एक प्रमाणाचा, ६०० ओहमचा ध्वनि-ट्रान्सफॉर्मर दोन यंत्रांच्या मध्ये घातल्यास आवाज पुढे जातो, अर्थचा प्रवाह जात नाही. दोन समतोल यंत्रांमधील तारेचे आवरण एकाच टोकाला जोडण्याची पद्धतही चालते. संच नव्याने बांधताना पेटी थेट अर्थला ठेवून, आतील ताराबिंदू व पेटी यांच्यामध्ये १० ओहमचा रोधक आणि त्याला समांतर उलटसुलट दोन जाड डायोड बसवावेत. नेहमीच्या वेळी रोधक वेटोळ्यातील प्रवाह अडवितो. दोषाच्या वेळी डायोड तो सरळ अर्थकडे नेतात. या साऱ्याचा खर्च एका मोठ्या कंडेन्सरपेक्षा फारसा अधिक नाही.

बदलती साधने

अलीकडे वजनदार ट्रान्सफॉर्मरची जागा एसएमपीएसने घेतली असून १०० हर्ट्झची गुणगुण त्या प्रमाणात कमी झाली आहे. तिच्या जागी नव्या तक्रारी आल्या आहेत. दोन पिनांच्या एसएमपीएसमधील गाळणी-कंडेन्सरमुळे पेटीवर मल्टिमीटर सुमारे निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या जवळपास दाब दाखवितो. प्रवाह अत्यल्प असल्याने मुंग्या येतात, इजा होत नाही. निऑनचा टेस्टर मात्र दोन्ही प्रसंगी सारखाच उजळतो, त्यामुळे ही गळती आहे की फुटलेले आवरण, हे टेस्टरवरून ठरवू नये. लॅपटॉप जोडल्यावर गुणगुण येत असेल तर त्याचा चार्जर काढून पाहावा. ती थांबली तर वेटोळे चार्जरमार्गे बनले आहे आणि उत्तर वर सांगितलेला ध्वनि-ट्रान्सफॉर्मर हेच आहे.

ब्लूटूथचा छोटा बोर्ड व वर्धक एकाच पुरवठ्यावर चालविल्यास गाण्यांच्या मध्ये 'टिर्र-टिर्र' ऐकू येते. येथे दोष विजेचा नसून सामाईक ग्राउंडचा आहे. ब्लूटूथच्या अंकीय मंडलाचे प्रवाह संदेशाच्या ग्राउंडमधून परततात, पेटीतील दहा सेंटिमीटरच्या तारेत घडते तसेच. त्या बोर्डला बी०५०५एस यासारखा विलगीकृत ५ व्होल्टचा परिवर्तक दिल्यास आवाज थांबतो.

महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेत हे सर्व फारशा खर्चाशिवाय मांडता येते. ब्रिज व फिल्टरचा प्रयोग नेहमीप्रमाणेच लावावा, ऑसिलोस्कोपच्या जोडीला एक लहान वर्धक व मोठ्या पेटीचा स्पीकर ठेवावा, आणि ब्रिजमधील एक डायोड विद्यार्थ्यांच्या नकळत सोडवून ठेवावा. पडद्याकडे पाठ करून केवळ ऐकून काय बदलले ते त्यांनी सांगावे. त्यानंतर ऑटोट्रान्सफॉर्मरने दाब २३० वरून हळूहळू खाली आणावा आणि ७८१२ नेमका कोणत्या आकड्याला नियमन सोडतो याची नोंद घ्यावी. गणिताने तो २२३ येतो. ट्रान्सफॉर्मर स्थानिक गुंडणीचा असल्यास प्रत्यक्ष आकडा याहून बराच वेगळा निघू शकतो, आणि तो फरक कशामुळे पडला हे शोधणे हा त्या दिवसाच्या तासिकेचा उरलेला भाग होऊ शकतो.